पुष्पांजलीचा पाट

“मंग नवमीले तुम्हीच पुष्पाच्या जागेवर बसा,” निवृत्तीभाऊ फोनवर म्हणाले, आणि सुचिता “हो, चालेल ना,” म्हणून मोकळी झाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हटलंय ते आपण धड ऐकलेलंच नाही. ‘हो, चालेल’ हे तिचं धंद्यातलं बोलणं होतं. बुलढाण्यात औषधांच्या दुकानावरच्या माडीवर तिची समुपदेशनाची खोली होती, आणि तिथे येणाऱ्या माणसांचं ऐकता ऐकता हे शब्द तिच्या जिभेवर मुक्कामालाच आले होते. समोरचा काहीही म्हणो, आधी त्याला जागा करून द्यायची, मग काय ते बघायचं. ती खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर पितृपक्षाची सुस्ती होती. समोरच्या कापडदुकानाचा मालक गादीवर बसून जांभया देत होता आणि जांभई संपली की गल्ल्याकडे बघत होता. ‘पुष्पाच्या जागेवर’ हे शब्द आपल्याला टोचले आहेत एवढं तिला कळत होतं. कुठे टोचले ते कळत नव्हतं. हल्ली तिचं असंच व्हायचं.

फोन खरं तर आनंदाचा होता. पुष्पांजली स्मृती निधीची पहिलीच शिष्यवृत्ती तिला मिळाली होती. पुष्पांजलीताई म्हणजे जिल्ह्यातल्या समुपदेशकांचं माहेर. ही खोली त्यांची, या वेताच्या खुर्च्या त्यांच्या, सुचिताला हा धंदा शिकवला तोही त्यांनीच. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या. त्यांचे यजमान निवृत्तीभाऊ देऊळगाव राजाचे बागायतदार, शिक्षण बेताचं आणि बोलणं त्याहून बेताचं. त्यांनी मोसंबीच्या बागेचं उत्पन्न बाजूला काढून निधी उभा केला आणि अट अशी घातली की ऐकणारे चक्रावले. पैसे समुपदेशकालाच द्यायचे, पण कामासाठी नाही. नवा कोर्स नको, परिषद नको, पुस्तकं नकोत. त्या माणसाने ते स्वतःच्या वाढीसाठी खर्च करायचे. कुणाला दुसऱ्या समुपदेशकापुढे बसून आपलं मन मोकळं करायचं असेल, कुणाला गाणं शिकायचं असेल, कुणाला नुसतं झोपायचं असेल. “आडात नाही तं पोहऱ्यात कुठून येईन?” असं ते समितीला म्हणाले होते. समितीतल्या शहाण्या माणसांना चिखलीला हॉल घेऊन, हारतुरे करून शिष्यवृत्ती द्यायचा कार्यक्रम करायचा होता. पण निवृत्तीभाऊंची आई, तानुबाई, आडवी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला. त्या दिवशी तिच्या नावाने एक सवाष्ण पाटावर बसवायची, तिला गेलेल्या बाईच्या आवडीचं जेवू घालायचं, ओटी भरायची. वर्ष सरल्यानंतरची ही पहिली नवमी, आणि सवाष्णीचा शोध चाललाच होता. “एका बाईले पैसे द्याले बलावता, दुसरीले जेवाले बलावता,” तानुबाई म्हणाली होती, “एकीतच होते तं दोघी काऊन?” म्हातारीच्या या बोलण्यात खोट काढायची समितीत कुणाची छाती झाली नाही.

अर्ज करायला लावलं होतं ते साखरखेर्ड्याच्या सरवरीबीने, तिला स्वतःला ठाऊक नसताना. सरवरीबी शिवणकाम करायची. तिचा तरणा मुलगा घरात असून बोलत नव्हता, म्हणून ती दर आठवड्याला एसटीने यायची आणि समोरच्या खुर्चीत बसून ओढणीच्या टोकाला पीळ देत सांगत राहायची. एकदा सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही ऐकून राह्यल्या ना?” सुचिताने लगेच तिचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं तिला परत दिलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सरवरीबीचं समाधान झालं, ती पुढे बोलू लागली. सुचिता मात्र आतून गार पडली, कारण तिने ते वाक्य ऐकलेलं नव्हतं. ते कानातून येऊन तोंडातून गेलं होतं, मधे कुणी नव्हतंच. न ऐकता बरोबर उत्तर देता येतं, आणि ते कुणालाच कळत नाही, या गोष्टीची तिला भीती वाटली. नंतर भीतीही ओसरली, ते आणखी वाईट. माणसं रडायची आणि ती त्यांच्याकडे कागदी रुमालांचा डबा सरकवायची, आणि सरकवताना मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार चाललेला असायचा. अर्जात ‘या रकमेचे काय कराल’ या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं की महिनाभर मला कुणाचंही काहीही ऐकायचं नाही. लिहिताना तिला वाटलं होतं, हे वाचून अर्ज केराच्या टोपलीत जाईल. समितीला तेच आवडलं.

घरी तिने नवऱ्याला, राजकुमारला, यातलं काही सांगितलं नव्हतं. राजकुमार जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, सरळ माणूस. सांगितलं असतं तर तो घाबरला असता, डॉक्टरकडे जाऊ म्हणाला असता, स्वयंपाकघरात येऊन उगाच भांडी घासत बसला असता, आणि मग त्याची घाबरगुंडी उतरवायला तिलाच बसावं लागलं असतं. त्यापेक्षा गप्प राहिलेलं सोपं. नवमीला देऊळगाव राजाला जाते, ताईंच्या घरी जेवण आहे, एवढंच ती म्हणाली. त्यानेही “बरं” म्हटलं आणि डब्यासाठी गवार निवडत बसला. त्याच्याकडे बघताना तिला कुठल्यातरी जुन्या वाक्याची आठवण होऊ लागली, आणि ते वाक्य वर यायच्या आत ती उठून गॅलरीत गेली.

पण वाक्य आलंच. चिखलीच्या स्टँडवर गाडी बदलून ती जालन्याच्या बसमध्ये खिडकीशी बसली तेव्हा ते आलं. तिच्या शेजारी सीताफळांची टोपली घेतलेली एक बाई बसली होती, आणि चिखली मागे पडायच्या आत ती बाई आपल्या सुनेबद्दल सांगायला लागलीही होती. सुचिताच्या तोंडावरच काही लिहिलेलं असावं. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात माणसं तिला गाठून आपलं सांगायची. “हो का,” सुचिता म्हणत राहिली. बाहेर सोयाबीन पिवळं पडलं होतं. याच रस्त्याने, याच गाडीने ती पुष्पांजलीताईंबरोबर गेली होती. एकदा नव्हे, पोळ्यापासून होळीपर्यंत किती वेळा ते तिने मोजलं नव्हतं. आठवडाभर ताई बुलढाण्याला माडीवरच्या त्या खोलीतच राहायच्या आणि शनिवारी देऊळगावला घरी जायच्या. पोळ्याच्या आधी एक दिवस त्यांनी सुचिताला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसल्या, आणि पोटात गाठ निघाल्याचं सांगितलं. कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. मग म्हणाल्या, “हे या खोलीतलं आहे. खोलीबाहेर जायचं नाही.” या धंद्यात या वाक्याला शपथेची किंमत असते. जालन्याच्या पुढे मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. घरी सांगितलं होतं, कार्यशाळा आहे. जिल्ह्याला शहाणं करणाऱ्या बाईच्या कार्यशाळांना कोण हरकत घेणार?

गंमत अशी होती की दवाखान्याच्या वाटेवर ताईंचं स्वतःचं गाव पडायचं. गाडी देऊळगाव राजाच्या स्टँडवर शिरायची, तेव्हा ताई पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायच्या आणि दुसऱ्या बाजूला तोंड करायच्या. आपल्याच गावातून चोरासारखं जायचं. सुचिताला तेव्हा हसू यायचं आणि ताईंनाही. एका दिवशी मात्र निवृत्तीभाऊ खरोखरच स्टँडवर उभे होते. पेपरवाल्यापाशी, गाडीकडे पाठ करून, खिशात सुटे पैसे चाचपत. ताईंनी तोंड फिरवलं नाही. काचेला हात लावून त्या बघत राहिल्या. पांढरा सदरा, मानेवरचे न कापलेले केस, चपलेचा तुटलेला अंगठा. भाऊंनी मागे वळून पाहिलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं, आणि सुचिताला वाटून गेलं की ताईंना ते हवंच आहे. ते वळले नाहीत. गाडी निघाली, वळली, स्टँड दिसेनासा झाला. एरवी ताई छापील पुस्तकासारखं बोलायच्या, पण दमल्या की त्यांची भाषा माहेरची व्हायची. काचेवरचा हात काढून घेत त्या म्हणाल्या, “घरी सांगितलं तं मलेच पुन्हा खुर्च्या मांडा लागतीन. तेवढी ताकद आता माह्यात नाही, सुचिता.”

खुर्च्यांचा संदर्भ सुचिताला ठाऊक होता. पूर्वी कधीतरी निवृत्तीभाऊ आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात शेताच्या बांधावरून हाणामारीपर्यंत गेलं, तेव्हा ताईंनी घराच्या ओसरीत खुर्च्या गोल मांडल्या, सगळ्यांना बसवलं आणि एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा नियम घातला. उन्हं कलेपर्यंत ते चाललं. शेवटी भाऊभाऊ गळ्यात पडून रडले. गावात वाहवा झाली. आणि त्या दिवसापासून ताईंचं घर संपलं. शनिवारी त्या घरी पोचायच्या तेव्हा ओसरीत कुणी ना कुणी बसलेलंच असायचं. भाऊबंद, शेजारी, नवऱ्याशी भांडून आलेली एखादी भाची. मुलगा प्रेम हैदराबादहून फोन करायचा तोही आपली गाऱ्हाणी सांगायला. “पुष्पा, खुर्च्या मांड,” असं भाऊ कौतुकाने म्हणायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो, हे सुचिताला तेव्हा कळलं होतं. गवार निवडणाऱ्या राजकुमारकडे बघून जे वर येत होतं ते हेच खुर्च्यांचं वाक्य होतं. फक्त आवाज ताईंचा नव्हता.

घरच्यांना कळलं ते होळीच्या तोंडावर, लपवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा. त्यानंतर पंधरवडाही गेला नाही. तेराव्याच्या दिवशी ओसरीत माणसं दाटली होती. निवृत्तीभाऊ भिंतीशी उभे होते आणि आल्यागेल्याला एकच सांगत होते. “कोनालेच नाही सांगितलं तिनं. मलेच नाही असं नाही. कोनालेच नाही.” ते इतक्या वेळा म्हणाले की शेवटी त्यात एक तऱ्हेचा अभिमान आला. सुचिता दारापाशी चहाचा कप धरून उभी होती. ते वाक्य म्हणजे या माणसाच्या हातातली काठी आहे, हे तिने ओळखलं. ती काढून घेतली की हा पडणार. बायकोने नवऱ्याला सांगितलं नाही, हे एक दुःख. बायकोने परक्या बाईला सांगितलं आणि नवऱ्याला नाही, हे दुसरं. त्याला काठी नाही. ती गप्प राहिली. मेलेल्या माणसाच्या शब्दाला जागणं आणि जिवंत माणसाला जपणं, दोन्ही एकाच गप्प बसण्यात होत होतं. असा सौदा नेहमी मिळत नाही. म्हणूनच आता या माणसाच्या बागेच्या पैशावर आपल्याला विश्रांती मिळणार, तीही ताईंच्या पाटावर बसून, याची तिला लाज वाटली. लाज वाटतेय हे लक्षात आल्यावर थोडं बरंही वाटलं. सीताफळवाली बाई म्हणत होती, “बरोबर आहे का नाही माहं?” सुचिताने तिला तिचं शेवटचं वाक्य परत दिलं.

घर तसंच होतं. ओसरीत खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात उभ्या केलेल्या होत्या आणि त्यांच्यावर गोणपाट टाकलेला होता. तानुबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली होती. पाठ वाकलेली, डोळे अजून धारदार. तिने सुचिताला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाली, “लय वाळली तू. ह्या कामात खाले मिळत नाही काय?” सुचिता हसली. शेजारच्या विमलबाई मदतीला आल्या होत्या, कारण तानुबाई स्वतः विधवा, तिच्या हातचं कुंकू सवाष्णीला चालायचं नाही. विमलबाईंनी सुचिताचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, मोगऱ्याचा गजरा माळला आणि हळू आवाजात तिला शिकवून ठेवलं. या घरात एक रीत होती. तानुबाई पिंपळगाव राजाहून सून म्हणून आली ती माहेराहून ही रीत घेऊन आली होती. पान वाढून झालं की घरातलं थोरलं माणूस पाटावरच्या सवाष्णीला गेलेल्या बाईच्या नावाने हाक मारणार आणि विचारणार, काय राह्यलं? म्हणजे मनात काय राहून गेलं. “तुम्ही म्हना, काई नाही राह्यलं. मंग घास घ्या,” विमलबाई म्हणाल्या. “त्याच्या आधी घास घ्याचा नाही, बरं का.” एवढं सांगून, पाटाशी घरचीच माणसं असावीत म्हणून, त्या आपल्या घरी गेल्या.

सुचिता पाटावर बसली. आपल्या धंद्यातही असंच काहीसं करतात, हे तिला आठवलं. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, त्यावर गेलेलं माणूस बसलंय असं धरायचं आणि माणसाला त्याच्याशी बोलू द्यायचं. तिने कितीतरी जणांना तसं बोलतं केलं होतं. बाजूला बसून, हळूच, “आणखी काय सांगायचंय त्यांना?” असं विचारत. आज बाजूला बसायची सोय नव्हती. आज ती स्वतःच ती खुर्ची होती, आणि खुर्चीला काय वाटतं याचा विचार तिने आजवर केला नव्हता. पानावर गंगाफळाची भाजी होती, कढी, वडे, खीर, मिठाच्या शेजारी लिंबाची फोड. भाऊ स्वतः वाढत होते. पुरुषाने वाढायची त्या घरात पद्धत नव्हती, पण या दिवशी त्यांनी कुणाला वाढू दिलं नाही. सदरा पांढराच होता. वाकताना कढी भातात सांडली. “तिले असंच आवडे,” ते म्हणाले आणि वरणाचं भांडं हातात घेऊन उभे राहिले.

“पुष्पा,” तानुबाईने हाक मारली. आवाज कोरडा होता. “काय राह्यलं?”

“काही नाही राह्यलं,” सुचिता म्हणाली. शिकवलेलं होतं तसं, योग्य आवाजात, योग्य थांबून. हात पानाकडे गेला.

“खोटं,” तानुबाई म्हणाली.

हात तिथेच थांबला. भाऊ म्हणाले, “माय, रीत झाली न. जेवू दे त्याइले.” पण म्हातारी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती सुचिताकडेही बघत नव्हती. ती पाटावर बसलेल्या बाईकडे बघत होती.

“मी इथंच होती न, पुष्पा. ह्याच उंबऱ्यात. तू शनिवारी आली का माह्यापाशी बसे, माह्ये गुडघे दाबत राहे. पोटात इतलं घेऊन माह्ये गुडघे दाबे. आन तोंडातून एक शब्द नाही. मी काय तुही सासूच होती काय नुसती? सांगितलं काऊन नाही?”

सुचिताच्या डोक्यात वाक्यं येऊ लागली. ती नेहमीच यायची, बोलवायची गरज नसायची. तुम्हाला खूप एकटं वाटलं असेल. तुम्हाला काय वाटतं, त्यांनी का सांगितलं नसेल? त्या आज इथे असत्या तर... सगळी चांगली, वापरून गुळगुळीत झालेली. यातलं एक उचललं की म्हातारी रडेल, हलकी होईल, भाऊंची काठी भाऊंच्या हातात राहील, आणि खोलीतलं खोलीत राहील. कुणाचं काही जाणार नव्हतं. फक्त ही बाई अशीच उंबऱ्यात बसून मरेपर्यंत विचारत राहणार, आणि उत्तर माहीत असलेली एकटी बाई तिच्यापुढे बसून वडे खाऊन जाणार. सुचिताला राग आला. कुणाचा ते कळेना, ताईंचा असावा. शपथ घालून गेल्या आणि पाटावर आपल्याला बसवून गेल्या. कितीतरी दिवसांनी तिला राग आला होता.

“घरी सांगितलं असतं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला ओळखू आला नाही, “तं मलेच पुन्हा खुर्च्या मांडा लागल्या असत्या. तुम्ही रडल्या असत्या, हे रडले असते, प्रेम धावत आला असता. आन सगळ्याइले सांभाळाले मीच बसली असती. दुखणं माहं, आन धीर मीच द्यायचा. तेवढी ताकद नव्हती माह्यात.”

आता आपण कुणाचं बोललो, ताईंचं की आपलं, हे सुचिताला सांगता आलं नसतं. म्हातारीने ते ऐकलं, चावलं, गिळलं.

“खुर्च्या मांडाले कोनं सांगितलं होतं तुले?” तानुबाई म्हणाली. “आमी रडलो असतो न. रडणारच. खाली भुईवर बसून रडलो असतो, त्याले खुर्ची काऊन पाह्यजे? आन रडून झाल्यावर उठलो असतो. चूल पेटोली असती, तुले दोन घास केले असते. आमाले सांभाळा लागते हे तुले कोनं सांगितलं? नवरा मेला तवा मी काय कोनाची वाट पाह्यली? रडली, आन तिसऱ्या पहरी म्हशीचं दूध काढाले गेली.” तिने पदराने पानावरची माशी हाकलली. “शहानी होती तू. आमाले मात्र लहान लेकरं समजली.”

हे सुचिताला कुणी शिकवलं नव्हतं. ताईंनी तर नाहीच. आपण ज्यांना जपत आलो ती माणसं पडली असती आणि उठलीही असती, आणि त्यात आपलं काही काम नसतं, ही गोष्ट तिच्या पुस्तकांत कुठेच नव्हती. तिला हलकं वाटलं आणि अपमानही वाटला.

“खुर्च्यांचं,” निवृत्तीभाऊ म्हणाले. ते अजून उभेच होते. “खुर्च्या मांडणं हा आमच्या घरातला शबूद आहे, सुचिताताई. अन् ताकदीचं ते, तिचंच बोलणं आहे. हे तुमचं नाही.”

मी अंदाजाने बोलले, भाऊ, असं सुचिताला म्हणता आलं असतं. इतकी वर्षं ताईंबरोबर काम केलं, त्यांची भाषा माझ्या तोंडात बसली, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही वाक्यं तयार होती आणि दोन्हींनी हा माणूस वाचला असता. समोर म्हातारी बसली होती, नुकतीच लहान लेकरांचं बोललेली.

“ताईंचंच आहे,” सुचिता म्हणाली.

“कधी?”

“पोळ्यापासून मला माहीत होतं. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायची.”

“पोळ्यापासून होळीपावतर,” भाऊ म्हणाले. मग, “कुठी बोलली हे?”

“एसटीत. इथल्याच स्टँडवर गाडी थांबली होती. तुम्ही पेपर घेत होते, गाडीकडे पाठ होती.”

“तिनं पाह्यलं मले?”

“गाडी वळेपर्यंत बघत होत्या.”

ते वाक्य तिने जपून उच्चारलं नाही. सांत्वन म्हणून नाही, टोचायला म्हणूनही नाही. झालं होतं तसं सांगितलं. निवृत्तीभाऊंनी वरणाच्या भांड्यात पाहिलं.

“मले सांगाले पाह्यजे होतं तिनं,” ते म्हणाले.

“हो,” सुचिता म्हणाली.

ते भिंतीला टेकले आणि टेकता टेकता खाली बसले, भांडं मांडीवर घेऊन, आणि रडू लागले. आवाज करून, तोंड उघडं टाकून, कुणी बघतंय याची पर्वा न करता. तेराव्याला ते रडले नव्हते, हे सुचिताला आठवलं. तानुबाई जागची हलली नाही. तिने पोराकडे एकदा पाहिलं आणि पानावरच्या माशा वारत राहिली. सुचिताही पाटावरून उठली नाही. तिचे हात मांडीवर होते आणि ते तसेच राहिले. पुढे सरकवायला काही नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. प्रत्येक हुंदका वेगळा ऐकू येत होता, आणि तो तिच्या छातीत जाऊन लागत होता, आणि दुखत होतं. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि गेली. रडणं मंदावलं, पुन्हा वाढलं, मग थांबलं. निवृत्तीभाऊंनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. मांडीवरचं भांडं बाहेरून हाताने चाचपून पाहिलं.

“वरन निवलं,” ते म्हणाले. “गरम करून आनतो.”

गुडघ्यावर हात देऊन ते उठले आणि आत गेले. थोड्या वेळाने गॅस पेटल्याचा आवाज आला, मग पळीचा.

“ते येईपावतर थांबू नको,” तानुबाई म्हणाली. “वडा खाय.”

सुचिताने वडा मोडला. तिला भूक लागली होती.